पडद्यावरची तोफ फुटत नाही

शास्त्रात नुसतं मत चालत नाही, पुरावा लागतो. आणि पुरावा मताशी जुळेना, तर पुराव्याची दुरुस्ती करून घ्यावी लागते. आमचा विभाग याच तत्त्वावर उभा आहे. तोफेच्या नळीत दारू पेटल्यापासून गोळा बाहेर पडेपर्यंत काय काय होतं, ते आम्ही संगणकावर घडवून पाहतो. ही पद्धत अत्यंत सुरक्षित आहे. आजवर हजारो गोळे उडवले, इजा एकच झाली (विभागप्रमुखांच्या मानेला, खुर्चीमुळे).

नव्या तोफेच्या पहिल्या चाचणीत मात्र नळीतला दाब आमच्या गणिताच्या सव्वापट निघाला. सबब दाबमापक दुरुस्तीला पाठवण्यात आला. दुसऱ्या दाबमापकानेही तेच सांगितलं, तेव्हा दोघांचं संगनमत उघड झालं. तिसरा आम्ही मागवलाच नाही. दरम्यान नळी मधोमध जराशी फुगली. गणितात फुगण्याची सोय नसल्यामुळे आम्ही तिला ‘अंगभूत गोलाई’ असं नाव दिलं.

आता पूर्ण दारू भरून डागायची चाचणी तेवढी उरली होती. शेजारी उभं राहून दोरी ओढणारा तोफची म्हणजे प्रमुखांचाच जावई. आदल्या दिवशी तो सासऱ्यांच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

“मामा, नळी फुटणार नाही ना?”

“अरे, पडद्यावर दहा हजार वेळा डागलीय. कुणाला साधा ओरखडा नाही.”

“पडद्यावर तोफेशेजारी मी होतो का?”

“तुला घेतलं की गणित अडतं रे.”

जावई गेला आणि मुलीचा फोन आला. “बाबा, उद्या तुम्हीही यांच्या शेजारीच उभे राहणार ना?” एवढंच विचारून तिने फोन ठेवला. प्रमुखांचा चेहरा पांढराफटक पडला (प्रकाश पडद्याचा असावा). पोरीची काळजी आम्हालाही वाटली, खोटं कशाला बोलू?

शास्त्रीय धैर्य म्हणतात ते त्यानंतर पाहायला मिळालं. प्रमुखांनी तडकाफडकी दोन निर्णय घेतले. जावयाची बदली कोठारात केली (गणवेशांच्या, दारूच्या नव्हे). आणि गणित आधीच उत्तीर्ण असल्यामुळे चाचणी अनावश्यक ठरवून तोफही उत्तीर्ण केली.

तोफ तुमच्या रक्षणासाठी रवाना झाली आहे. दोरी ओढणाऱ्याची जागा तेवढी रिकामी आहे. अनुभवाची अट नाही. तुमचा मुलगा सध्या काय करतो?