तळ्याचं दार आणि दोन बटणं

एका जंगलात तळ्याचं दार कॉम्प्युटरवर उघडायचं. हसू नका बाळांनो, तुमच्या घरी पंखासुद्धा मोबाइल विचारून फिरतो.

कॉम्प्युटरवर एकच प्रोग्राम होता. वरच्या भागात सिंहमहाराजांची फर्मानं टाइप व्हायची. खाली एक काळी चौकट होती. तिच्यात दिलेला हुकूम यंत्र थेट पाळायचं.

एका सकाळी ऑपरेटर साळिंदरबाईंनी चौकटीत हुकूम दिला, 'ओढ्यात पाणी सोड.' तळ्यातलं पाणी सुटलं. ओढा भरल्यावर बाईंनी थांबवायची दोन बटणं एकदम दाबली. पाणी थांबेना.

तळ्यातली कासवीण गोदाक्का धापा टाकत आली. "अगं, माझी पोरं चिखलात आलीत. थांबव की."

"दाबतेय ना आक्का. आत पोचतच नाही."

महाराजांनी तज्ज्ञ म्हणून तरसाला बोलावलं. त्याने कीबोर्ड उलटा करून झटकला. शेंगदाण्याची फोलपटं पडली. मग चोर सोडून संन्याशाला सुळी द्यावी तसा कीबोर्डच बदलला. शेवटी त्याने वरच्या भागात टाइप केलं, 'कीबोर्ड उत्तम चालतो.' एकही अक्षर गळलं नाही. दरबाराच्या चौकशी समितीने त्यावर लगेच मंजुरीचे पंजे उमटवले.

तोवर बाईंनी सेटिंग धुंडाळलं होतं. "महाराज, खाली दाबलेली बटणं वरचा प्रोग्रामच झेलतोय. वर त्याच दोन बटणांनी मजकूर कॉपी होतो, म्हणून त्याला वाटतं, कॉपी करायचंय. तो कॉपी करतो आणि गप्प बसतो. सेटिंगमधली ही एक बरोबरची खूण काढली की बटणं सरळ खाली जातील."

"आम्हाला वगळून? परस्पर खाली?" महाराजांची आयाळ फुलली. "या दरबारात असं कधी झालं नाही."

"पोरं मरतील हो," गोदाक्का म्हणाली.

"विषय समितीपुढे आहे, आक्का," तरस म्हणाला. समिती बसली. चहा आला. खूण काढावी की नुसती फिकट करावी, यावर खडाजंगी झाली.

आणि अचानक पाण्याचा आवाज थांबला.

"बघा," तरस म्हणाला, "सेटिंगला हात न लावता थांबलं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तळ्यात टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं. मला त्या तरसाचा अजून संताप येतो.

गोदाक्काने वाचलेलं एक पिल्लू पाठीवर घेतलं आणि ती जंगलाबाहेर निघाली. तिला कोणी थांबवलं नाही.

तात्पर्य: बटण कुठे अडकतं ते शोधत बसू नये. धीर धरावा. तळं रिकामं झालं की पाणी आपोआप थांबतं, आणि समितीला सत्काराचा नारळ मिळतो.