जिवाणूंच्या चिलखताची सोलापुरी मोहीम

श्रीसिद्धरामेश्वर समर्थ. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, वैशाख मासी, मुक्काम कसबे सोलापूर, येथील जीवशास्त्राचे प्रयोगशाळेत जी मोहीम तडीस गेली तिचे साद्यंत वर्तमान थोरांचा मान राखोन आणि पदरचे काही न मिळवितां लिहिले आहे. वाचणारांनी पंखा लावोन बैसावे, कारण संवत्सर नावाप्रमाणेच तापले होते.

मातीत कित्येक जिवाणू नांदतात आणि अंगावर प्रथिनाचे चिलखत वागवितात. चिलखत ऐसे की सर्व कण एकाच घडणीचे, फरशीस फरशी भिडावी तैसे एकमेकांस भिडोन बैसतात. ते उतरवोन पाण्यात मोकळे सोडिले आणि हवापाणी मानवले, म्हणजे तेच कण सोन्याचे चकतीवर पुन्हा आपली रांग धरितात. हे जाणोन मंद्रूपच्या शिवलीलाबाई, पीएचडीच्या उमेदवार, यांणी मसलत केली जे, चकतीवर चिलखत बसवावे, आणि मग त्याचे घराघरांत विष ओळखणारे एन्झाइम रोवावे, म्हणजे डाळिंबावर फवारलेले विष एका थेंबात उमगेल.

या मुलुखाचे खावंद राजश्री डॉक्टर राजशेखर सर, बाईंचे मार्गदर्शक. सर विद्वान, मायाळू आणि किंचित हट्टी. त्यांचे पदरी विद्यार्थिदशेपासोन एक लाडका सरदार होता, नामे फॉस्फेट बफर, म्हणजे द्रावणाची आम्लता ढळू न देणारे क्षाराचे पाणी. कोणताही प्रयोग असो, फॉस्फेट आघाडीस असावे, ऐसा सरांचा शिरस्ता. इकडे प्रथिनाचे कणांस रांगेत धरावयास कॅल्शियम लागते. तेव्हां फॉस्फेटात प्रथिन सोडिले आणि वरोन कॅल्शियमची कुमक धाडिली.

रांग धरिली नाही. पांढऱ्या गुठळ्या मात्र तळाशी बैसल्या. मग सरांनी फर्माविले की प्रथिन उष्म्याने नासले, नवे काढावे. बाईंनी नवे जिवाणू वाढविले, चिलखत उतरविले, धुतले, आणि पुन्हा गुठळ्याच. मग एसीने दगा दिला, मग विजेने, आणि सर्व सुरळीत जाहले तेव्हांही गुठळ्याच. ऐशा रीतीने कित्येक वर्षे गेली. अखेरीस सरांनी खिन्न होऊन हुकूम केला की मोहीम उठवावी आणि कडुनिंबाचे पाल्यापासोन चांदीचे सूक्ष्म कण करावे, जे सर्वत्र करितात आणि जे कोणास चुकत नाहीत.

बाईंचे डोळे भरोन आले. परंतु प्रयोगशाळेत डोळे पुसावयाचे तर हातमोजा काढावा लागतो, म्हणोन तैशाच उभ्या राहिल्या आणि उरलेली द्रावणे मोरीत ओतो लागल्या. तो मनात शंका आली की या गुठळ्या प्रथिनाच्याच कशावरोन. लगोलग नळीत नुसते फॉस्फेट घेतले, त्यात नुसते कॅल्शियम घातले, प्रथिनाचा थेंबही नाही. पाहतात तो तीच पांढरी गुठळी. फितुरी उघड जाहली. कुमक प्रथिनास पोहोचण्यापूर्वीच फॉस्फेट तिला वाटेत गिळीत होते.

गनीम सापडला, परंतु तो खावंदांचा लाडका. बाई केबिनचे दारापर्यंत गेल्या आणि परतल्या, पुन्हा गेल्या आणि चहाची चौकशी करोन परतल्या, आणि मग जीव मुठीत धरोन आत शिरल्या व नळी टेबलावर उभी केली.

"सर, आज प्रथिन घातलंच नव्हतं. तरी गुठळ्या झाल्या की."

सरांनी नळी उजेडात धरिली. कान लाल जाहले.

"म्हणजे मीच आडवा आलो म्हण," सर बोलिले.

मग हुकूम सुटला की फॉस्फेट बडतर्फ, त्याचे जागी ट्रिस नामे दुसरा बफर नेमावा, तो कॅल्शियमला हात लावीत नाही.

चकती तयार जाहली. आता ती पाहावी कशी. सुईने पृष्ठभाग चाचपोन चित्र काढणारे सूक्ष्मदर्शक पदार्थविज्ञानवाल्यांकडे, आणि तेथील ठाणेदार अनिलकुमार सर, ज्यांचे राजशेखर सरांशी गाडी लावावयाचे सावलीवरोन वैर. बाईंस धाडावे ऐसे कारकुनांचे मत पडिले. परंतु सर डोईस पंचा गुंडाळोन भर दुपारी पायी स्वतः गेले आणि सांगितले की चूक माझी होती, पोरीने धरिली, यंत्र पाहिजे. अनिलकुमार सरांनी नकाराची बारा कारणे सिद्ध ठेविली होती. ती तैशीच राहिली, आणि त्यांणी चहा मागविला.

बाई चकती घेवोन आल्या आणि सुई चालो लागली. पडद्यावर आधी धुके, मग डाग, आणि मग ओळीमागोन ओळ चौकड्या उमटल्या, ऐशा सारख्या की तिघांनी श्वास धरिला. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिले, आणि बाईंस आज्ञा केली की घरी कळवावे.

बाईंनी मंद्रूपास मातोश्री पार्वतम्मा यांस फोन लाविला. मातोश्री दुकानात गिऱ्हाइकास साखर जोखीत होत्या. त्यांणी पुसिले की एवढे काय केलेस.

"मी काय न्हाय केलं, अव्वा. आडवं येत होतं तेवढं काढलं. रांगेत ते आपसूकच बसले."

"मग इतकी वर्षं कशाला लागली गं?"

"आडवं काय येतंय ते कळायलाच लागली की."

येणेप्रमाणे फत्ते जाहली. विष ओळखणे अद्याप दूर आहे, परंतु चिलखत चढले. प्रबंधाचे मसुद्यात श्रेय शिवलीलाबाईंचे, सूक्ष्मदर्शक अनिलकुमार सरांचे, आणि चूक राजशेखर सरांची, ऐसे लिहिले आहे. शेवटले कलम बाईंनी दोन वेळ खोडिले, आणि सरांनी दोन्ही वेळ स्वहस्ते पुन्हा घातले. हे सत्य आहे.