तातेरावाला कोणी काढेना

कांताबाई गेल्याची खबर कापसाच्या जिनिंगात आली, तेव्हा तिचा नवरा तातेराव नव्या मशीनखाली उताणा पडून बढाई मारत होता. "अख्ख्या परतुरात माझ्याबिगर हिला कोणी हात लावून दाखवावा!" लोकांनी पाय धरून त्याला बाहेर ओढलं आणि सांगितलं, बायको दवाखान्यात वारली.

त्याला रडूच आलं नाही. हातातला पाना घेऊनच तो मातीला गेला!

पोरगी बेबीनंदा लहान. तिला मावशीनं, साळूबाईनं, राजूरला नेलं. साळूबाईच्या नवऱ्याची पिठाची गिरणी होती. तो म्हणाला, "साडू, तुमीच या इकडं. गिरणी चालवा, पोरीजवळ ऱ्हावा."

तातेराव नोकरी सोडायचं सांगायला जिनिंगच्या शेठकडे गेला. शेठ म्हणाले, "तात्या, ही मशीन शिकायला तुला अहमदाबादला धाडलं. बाँड आहे. मुदतीआधी सोडलं तर सगळा खर्चा आणि वर दंड. शिवाय दुःखात माणसानं काही ठरवू नये!"

मग त्यानं धर्मराज वकिलांना गाठलं. "वकीलसाहेब, हा बाँड कोर्टात टिकतो का?"

"बांधून कोणी कोणाला कामावर ठेवू शकत नाही. दंडाचं म्हणशील, तर शिकवायला खरंच किती लागलं ते कोर्ट बघतं. वाजवी असेल तेवढंच द्यायला लावतं."

"मंग सोडू?"

"सोड की! शेठ दावा लावील. निकाल लागेस्तोवर तुझ्या पोरीचं लगीन होईल."

"आन् शेठनंच मला काढलं तर?"

"मंग दंड कशाचा?"

तातेराव खुशीत उठला. "नोकरी लागायला जन्म जातो, घालवायला काय लागतं? उद्याच घालवतो!"

दुसऱ्या दिवशी तो दुपारी उगवला. साहेबराव मुनीमानं हजेरी पूर्ण लावली. "झोप लागत नसंल बिचाऱ्याला. जेवलास का?" आणि आपल्या डब्यातली भाकरी पुढं केली. तातेरावानं मुद्दाम उपाशी राहून भांडायचं ठरवलं होतं, पण पिठल्याचा वास आला आणि तो बसला.

मग त्यानं मोठा डाव टाकला. शेठ यायच्या वेळेला कापसाच्या ढिगावर चढून ढाराढूर झोपला! डोळे उघडले तर अंगावर शेठची शाल आणि सगळं जिनिंग मुकं. शेठ तोंडावर बोट ठेवून उभे. "मशीन बंद ठेवा रे! तात्याचा डोळा लागलाय." बाहेर बैलगाड्यांची रांग वेशीपर्यंत गेलेली, आणि गाडीवान पोरंसुद्धा कुजबुजून बोलत होती!

आता एकच इलाज उरला होता. दुसऱ्या दिवशी भरल्या वजनकाट्यापाशी, शेतकऱ्यांच्या देखत, तातेरावानं शेठला शिव्या घातल्या. बापावरून घातल्या, आज्यावरून घातल्या, काट्यावरूनही घातल्या. मुनीमानं कानावर हात ठेवले.

शेठनं चष्मा काढला. तातेरावाला वाटलं, सुटलो!

"बोल तात्या," शेठ म्हणाले. "अजून बोल. माझी बायको गेली तेव्हा मला मोकळं व्हायला कोणी जागाच दिली न्हाई."

आणि तातेराव रडला. इतक्या दिवसांचं सगळं शेठच्या खांद्यावर रडला. सदरा नाका-डोळ्यांनी पार भिजवला. शेठही रडले. वजन थांबलं म्हणून मागचे शेतकरी रडकुंडीला आले.

"तुझं मन रमलं पाहिजे," डोळे पुसत शेठ म्हणाले. "दुसरी मशीन घेतो. शिकायला परत तूच जा. मुनीम, कागद आणा!"

ज्या माणसाचा सदरा भिजवला, त्याला नाही कसं म्हणणार? तातेरावानं सही केली. जुन्या बाँडाची उरलेली वर्षं मुनीमानं प्रेमानं नव्यात मिळवली.

वकिलांनी कपाळावर हात मारला. "अरे, जुन्यावर भांडता तरी आलं असतं! आता दुसऱ्यांदा शिकायचा खर्चा पण खराच होणार, आन् मालक पण चांगला निघाला. कोर्टात काय सांगू?"

तातेराव अहमदाबादला जाऊन आला. दुसरी मशीनही झकास चालते.

राजूरला जाऊन पोरीला हे सांगायचं अजून राहिलंय.