दोन खुंट्यांचा पाना

ज्याला लोखंड कापायच्या ग्राइंडरची चकती बदलता येत नाही त्याने स्वतःला पुरुष म्हणवून घेऊ नये, असं जावईबापूंचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी जन्मात एकदाही ग्राइंडरची चकती न बदलता बनवलं होतं. ठाम मतं बहुतेक अशीच बनतात, हाताला काळं लागायच्या आत.

जावईबापू फरशांच्या दुकानात विक्रेते होते. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे मान हलवायची आणि संध्याकाळी मालकाची बोलणी खायची, या आयुष्याला ते विटले होते. अशात सासऱ्यांचे गुडघे बोलायला लागले. सासऱ्यांचं लोखंडी फाटकं आणि खिडक्यांचे गज बनवायचं वर्कशॉप, घराला लागूनच. ते आता कुणाच्या तरी हाती सोपवायचं होतं, आणि जावईबापूंच्या मते ते हात देवाने मुद्दाम घडवून तयारच ठेवले होते. त्यांनी एप्रन घेतला, चष्मा घेतला, लाल रंगाची हत्यारांची पेटी घेतली. पेटी उघडली की मोराने पिसारा फुलवावा तशी फुलायची.

सासऱ्यांनी पेटी एकदा बघून घेतली. त्यांच्या उजव्या तर्जनीचं वरचं पेर नव्हतं. ते कुठे गेलं हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी फक्त एक अट घातली. ग्राइंडरची चकती एकट्याने बदलून दाखवायची, कुणाला काही विचारायचं नाही. जमलं तर वर्कशॉपची किल्ली जावईबापूंची. एवढं सांगून ते बिजागऱ्या आणायला बाजारात गेले.

"एवढंच?" जावईबापू बायकोला म्हणाले. "मला वाटलं काहीतरी अवघड देतील."

बायको म्हणाली, "अहो, सकाळी ती कडी बसवलीत ना, ती आधी नीट बघा. हलते आहे."

ही कडी म्हणजे जावईबापूंची वर्कशॉपमधली पहिली कलाकृती. मागच्या अडगळीच्या खोलीच्या लोखंडी दाराला, बाहेरून, खालच्या अंगाला त्यांनी उभी कडी ठोकली होती. तिचा गज फरशीतल्या भोकात उतरायचा. उतरायचा म्हणजे कुणी उतरवायची गरजच नव्हती, इतकी ती ढिली होती. तेवढ्यात सासूबाई जुने स्क्रू निवडायला आत गेल्या, वाऱ्याने दार लागलं आणि गज आपल्या आपण भोकात जाऊन बसला. जावईबापूंनी धावत जाऊन कडीची मूठ ओढली. मूठ दुधाच्या दातासारखी हातात आली. गज जागच्या जागी.

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. जावईबापूंना आनंद झाला. परीक्षाही होणार आणि सासूबाईंची सुटकाही. दाराखालच्या फटीत ग्राइंडर घालायचा, गज कापायचा, संपलं. ग्राइंडर टेबलावरच होता, त्याची वायर गजांच्या भाऱ्यांमागे कुठेतरी जोडलेली होती आणि चकती झिजून बिस्किटाएवढी उरली होती. ती बदलायलाच हवी होती.

"आई, काळजी करू नका," ते दाराला तोंड लावून म्हणाले. "पाच मिनिटांचं काम."

"काळजी नाही हो," आतून आवाज आला. "फक्त आधी तो—"

"सांगू नका, आई! अट मोडेल."

सासूबाई गप्प झाल्या. सासूने जावयाच्या सांगण्यावरून गप्प बसणं म्हणजे संकटाची पहिली खूण. जावईबापूंना ती ओळखता आली नाही.

चकती ज्या नटाने आवळलेली असते त्याला दोन बारीक भोकं असतात आणि ती पकडायला दोन खुंट्यांचा खास पाना लागतो. सासऱ्यांच्या भिंतीवर प्रत्येक हत्याराची जागा रंगाने आखलेली होती. हातोडीच्या आकृतीत हातोडी, करवतीच्या आकृतीत करवत. त्या पान्याची मात्र आकृतीच नव्हती. जावईबापूंनी खण उपसले, डबे पालथे केले. लाल पेटीत नखं कापायचं हत्यारसुद्धा निघालं, पाना नाही. आतून सासूबाईंनी पुन्हा तोंड उघडलं, जावईबापूंनी पुन्हा बंद केलं. बायकोने सुचवलं की निदान बटण तरी बंद आहे का बघा. ते म्हणाले, सगळं माझ्या हातात आहे. ते खरं होतं, आणि तीच तर भीती होती.

पेटीतली टोकदार पकड त्यांनी नटाच्या भोकांत घालून पिळली. पकडीचं एक टोक तुटून तेलाच्या डब्यात पडलं. मग खिळे लावून पाहिले, खिळे वाकले. शेवटी जगातल्या सगळ्या अर्धवट कारागिरांचं अंतिम उत्तर त्यांनी उचललं, छिन्नी आणि हातोडा. एक घाव घातला. नट हलला नाही. दुसरा घातला, आणि दणक्याने ग्राइंडरचं बटण पुढे सरकलं.

ग्राइंडर टेबलावरून दावं तोडलेल्या गोऱ्ह्यासारखा उधळला. रंगाचा डबा उडवला, नवी कोरी लाल पेटी तोंडावर पाडली, आणि एप्रनचा पट्टा पकडून गरागरा गुंडाळत जावईबापूंना स्वतःकडे ओढायला लागला. चकती पोटापासून वीतभर राहिली. जावईबापू ओरडले की नाही हे ते स्वतः कधी सांगत नाहीत. शेजारचा शिंपी सांगतो.

बायको ओरडली नाही. तिने दोन ढांगांत जाऊन भिंतीवरचं मुख्य बटण खाली पाडलं. सगळं थांबलं. जावईबापू एका पट्ट्याने ग्राइंडरला बांधलेले, अर्धा चेहरा रंगाने निळा.

त्या शांततेत दारामागून सासूबाई अगदी मवाळपणे म्हणाल्या, "आता प्लग काढा, जावईबापू."

बायकोने भाऱ्यांमागे हात घालून प्लग उपसला. प्लगच्या मानेला वीतभर दोरी होती, आणि दोरीला दोन खुंट्यांचा पाना.

सासरे वर्कशॉपच्या दारात येऊन उभे होते. बिजागऱ्यांची पिशवी खाली ठेवून त्यांनी आधी लेकीच्या हातातला प्लग पाहिला, मग जावयाचं पोट. चौकशी पोटाचीच केली. काही झालं नव्हतं. मग दोरी एवढी आखूड का बांधली ते त्यांनी सांगितलं. प्लग भिंतीत असला तर पाना ग्राइंडरपर्यंत पोचूच नये. हे सांगताना त्यांनी बोट दाखवलं, ते अर्धं असलेलं.

"मला ही अक्कल पेर गेल्यावर आली," ते म्हणाले. "तुम्हाला एप्रनवर मिळाली. स्वस्तात पडलं."

मग बायकोने पाना लावला, चकती बदलली आणि गज कापला, सासरे नुसते बघत राहिले. सासूबाई निवडलेल्या स्क्रूंचा डबा घेऊन बाहेर आल्या आणि चहा ठेवायला निघून गेल्या, जणू रोजचंच.

किल्ली सासऱ्यांनी लेकीच्या हातात दिली. ज्याला बंद करायचं कळतं, त्यालाच चालू करायला द्यावं, एवढंच म्हणाले.

जावईबापू अजून फरशा विकतात. पण सुट्टीच्या दिवशी फाटलेला एप्रन चढवून वर्कशॉपात हजर असतात. बायको चकती बदलते, ते शेजारी प्लग हातात घेऊन छाती काढून उभे राहतात. गिऱ्हाइकांना सांगतात की सगळी जबाबदारी आपल्यावर आहे. आणि खरं सांगायचं तर त्या कामात त्यांचा हात धरणारा अजून तरी कुणी निघालेला नाही.