उद्धवरावांचा टर्बो आणि रुखवतातला हंस

"माह्या पोरीचं, दमीचं वऱ्हाड घाट चौथ्या गेअरात चढणार! लिहून ठेवा!" असं उद्धवरावांनी नार्नूरच्या भर बाजारात जाहीर केलं, तेव्हा त्यांचा ट्रक विटांवर उभा होता आणि त्यातल्या टर्बोनं कायमचा राम म्हटला होता.

टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. हैदराबादेहून नवा आणायची ऐपत नव्हती. आदिलाबादच्या भंगारात मात्र बोअर मारायच्या गाडीचा एक जुना टर्बो पडला होता. चांगला कोहळ्याएवढा! उद्धवराव त्याच्याकडे पाहतच राहिले. लग्नाआधी वनमालाबाईंकडेही ते इतके पाहत राहिले नव्हते.

"भाऊ, आपल्या गाडीले हा लय मोठा होते," देवाजी मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला.

"मोठा पंखा, मोठी हवा! काऊन भेऊन राह्यला?"

ट्रकचं इंजिन केबिनमध्येच, दोन सीटांच्या मधोमध. टर्बो कसाबसा बसला, पण झाकण बसेना आणि हवा गाळायचा डबाही जोडता येईना. मग टर्बोचं तोंड उघडंच राहिलं. त्यावर उद्धवरावांनी घरातली चहाची गाळणी तारेनं आवळून बांधली. त्या दिवसापासून घरात चहा पत्तीसकट.

वनमालाबाईंना गाळणी शोधायलाही सवड नव्हती. त्या रुखवतात गुंतल्या होत्या. लेकीचं नाव दमयंती, तेव्हा रुखवतात हंस हवाच! पहिल्या वेचणीचा घरचा कापूस हातानं पिंजून त्यांनी मांजराएवढा हंस केला होता. सगळा हिवाळा त्यात गेला. जैनथच्या विहीणबाई, प्रयागबाई, भारी चोखंदळ. हंसावरूनच त्या आपल्या लेकीचं माप काढणार, अशी वनमालाबाईंची खात्री होती. म्हणून मागे वऱ्हाडात हंस द्यायला त्या तयार होईनात. मांडीवर घेऊन त्या केबिनमध्येच बसल्या. त्यांच्या पलीकडे हळदीनं पिवळी झालेली दमयंती.

घाट लागला आणि ट्रक रांगू लागला. एक म्हातारा उतरला, रस्त्याकडेला बसला, निवांत बिडी पेटवून परत चढला, तरी ट्रक तिथंच! टर्बो मोठा, त्याला जाग यायलाच उशीर.

"अवो, हे चढून राह्यलं का झोपून राह्यलं?" वनमालाबाईंनी विचारलं.

"थांब ना, दम धर!"

उद्धवरावांना मुळीच घाई नव्हती. चैताचं ऊन सागांमधून गाळून आल्यासारखं पडत होतं. मोहाच्या वासानं डोळे जड होत होते. त्या अर्धवट गुंगीत त्यांना जैनथची वेस दिसत होती. वाजंत्री वाजतेय, व्याही हात जोडून उभे आहेत आणि ट्रक ढगातून उतरल्यासारखा अलगद खाली येतोय. किती सुंदर दिसत होतं ते!

तेवढ्यात टर्बोला जाग आली.

आधी बारीक शीळ, मग किंकाळी! ट्रकनं अशी उसळी घेतली की मागचं वऱ्हाड एकमेकांच्या मांडीवर. दुसरा गेअर, तिसरा, चौथा! मागं पांढऱ्या धुराचे लोट उठले, झाडं त्यात बुडाली. पुढं निळं आभाळ. उद्धवरावांनी हलकेच पाय उचलला, तरी ट्रक पळतच होता.

"पाह्य!" ते गहिवरून म्हणाले. "माह्या मनातलं कळून राह्यलं याले!"

"बाबा, पुढं वळण हाये!" दमयंती ओरडली.

तेव्हा कुठं स्वप्न फुटलं. उद्धवरावांनी ब्रेक दाबला, तर नुसता जळका वास. इंजिन बंद करायची दांडी ओढली, ती मुळासकट हातात आली! त्या जुन्या टर्बोतून तेल गळत होतं आणि इंजिन डिझेल सोडून तेच ढोसत सुटलं होतं, हे देवाजीनं पुढं सांगितलं. त्या घटकेला केबिनमध्ये एकच गोष्ट कळत होती, वळण जवळ येतंय.

वनमालाबाईंचा पदर सर्रकन टर्बोकडे ओढला गेला आणि गाळणीला चिकटला. त्यांनी तो हिसकला. "अगं माय! हे तर हवेवर जगते!" त्यांनी हंसाकडे पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं. डोळे भरून आले. आणि त्यांनी तो हंस दोन्ही हातांनी टर्बोच्या तोंडावर दाबून धरला!

इंजिन खोकलं, थरथरलं आणि गप्प झालं. ट्रक वळणाच्या अलीकडे उभा राहिला. हवेत कापूस तरंगत होता आणि दमयंतीच्या केसांवर हळूहळू उतरत होता.

मग काय, वऱ्हाड जैनथला पोचलं ते बसनं. रुखवत बसच्या टपावर आणि हंस वनमालाबाईंच्या मांडीवर. मान वाकडी, पोट तेलानं काळंकुट्ट, छातीवर गाळणीचा गोल ठसा.

मांडवात प्रयागबाई त्याच्यापुढे थांबल्या आणि विहिणीला म्हणाल्या, "इवायनबाई, हा कोणता पक्षी व्हय?"

वनमालाबाईंनी हंसाची वाकडी मान सरळ केली. "हंस हाये. ब्रेकचा."

मग सगळी हकीकत त्यांनी सांगितली, रडत रडत. प्रयागबाईंनी ऐकून घेतली. वाटेतले चांदीचे पेले बाजूला सारले आणि हंस सगळ्या रुखवताच्या पुढं नेऊन ठेवला. "सून याच्या भरवशावर आली," त्या म्हणाल्या. "हा आता आमच्या देवघरात राहीन."

वनमालाबाईंचा चेहरा उजळला. ते पाहून उद्धवरावांनाही भरून आलं. ते बायकोजवळ सरकले. नजर पुन्हा दूर कुठंतरी लागली होती.

"मी काय म्हणतो, वनमाला..."

"काय?"

"टर्बो त्याच्यापेक्षा थोडासा लहान घेतला तं?"

वनमालाबाईंनी चहाचा कप पुढं केला. व्याह्यांच्या घरी सगळ्यांना गाळलेला चहा होता. उद्धवरावांचा तेवढा पत्तीसकट!