आत्याची पाहुण्यांची अंथरुणं

माझी यमुनाआत्या धुलाईच्या मशीनलाच आधी धुऊन घेते. रिकामं. पूर्ण पैसे भरून.

"आपल्याआधी ह्यात कुणी काय घातलं, तुला म्हाईताय का?" असा तिचा सवाल असतो.

चिंचवड स्टेशनजवळच्या त्या दुकानात आपणच जायचं, आपणच रजया मशीनमध्ये कोंबायच्या, पैसे भरायचे आणि बटण दाबायचं. घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं, हा आमच्याकडचा रिवाज. बीडकडे असताना आत्या ते नदीवर आपटायची. आता फ्लॅटच्या बाल्कनीत भिजलेली गोधडी उचलणार कोण? म्हणून दरवर्षी कुरुळीच्या माझ्या घरून गाडी घेऊन मी हमालीला हजर.

यंदा रविवार होता. रांग लागलेली. आत्यानं मशीनच्या गोल दारात डोकं घातलं आणि आतूनच कडाडली, "कुत्र्याची केसं! अरं, कुत्र्याची केसं हायती ह्यात!"

मशीन नुकतीच रिकामी करणारा एक जण ओशाळून म्हणाला, "काकू, आमच्या ब्रूनोचं ब्लँकेट होतं. स्वच्छ असतो हो तो, शाम्पू लावतो आम्ही त्याला."

"लाव की! माझ्या घरात देवी बसायचीय, ब्रूनो न्हाई!"

रिकामी मशीन घुमू लागली. मागून कोणीतरी म्हणालं, "ओ भाऊ, आवरा ना यांना!" मी ही बाई आपली कुणी नव्हेच असा चेहरा करून मोबाईलमध्ये तोंड खुपसलं.

अखेर गोधड्या आत जायला लागल्या. संपेचनात. माझं डोकं सरकलं. "आत्या, घरात तू एकटी! गेल्या वर्षी धुतल्यापासून यांची घडीसुद्धा मोडलेली नाही. पुन्हा कशाला धुतेस?"

"पाव्हण्यांचं हंतरूण हाय ते."

"कुठले पाहुणे? कोण येतंय तुझ्याकडे?" सगळ्यांसमोर ओरडलो मी.

आत्या एकेक गोधडी आत सारत हळूच सांगू लागली, "ही माझ्या लेकीची, तुझ्या ताईची. बेंगलोरास्न आली तर लागंल. ही जावयाची. आन् ही तुझी. पायाकडं वाढवून शिवलीया, तुझं पाय उघडं पडत्यात."

आता खरं ते लिहितो. चाकणला पहिली नोकरी लागली तेव्हा मी आत्याकडेच राहायचो. पहिल्या शिफ्टला मी निघायच्या आत तिचा डबा तयार असायचा. स्वतःचं घर झालं आणि तिच्याकडचा माझा मुक्काम संपला तो संपलाच. जातो, गाडीची किल्ली हातात फिरवत चहा घेतो, ट्रॅफिकचं नाव सांगून निघतो. ट्रॅफिक असतं, नाही असं नाही. पण मी त्याच्यासाठी निघत नव्हतो. तिथे बसलं की तिचं एकटेपण दिसायचं, आणि ते मला बघवत नव्हतं.

वाळलेल्या गरम गोधड्या घरी आणून ठेवल्या आणि मी म्हणालो, "आत्या, आज राहतो."

"बायकोशी भांडलास व्हय रं?"

"नाही गं. उगीच."

"उगीच? आज धुतलं आन् लगीच मळवाया आलास? घट तरी बसू द्यायचं हुतंस!"

असं बडबडतच तिनं माझी गोधडी झटकून अंथरली. बाहेर अजून चांगलं ऊन होतं. तरी माझ्या गाडीच्या किल्लीकडे एकदा बघून तिनं जाऊन दाराला आतून कडी घातली.