ताटभर तांदूळ आणि माझं नवीन नाव

लग्नाला पंचवीस वर्षं झाली की माणसाने गप्प बसावं, दोन घास जास्त जेवावेत आणि झोपावं. मी मात्र मुलीचं ऐकलं. आमची दिशा म्हणाली, लग्नाचा वाढदिवस दणक्यात करू, हार, मंगलाष्टकं, सगळं परत. मी हो म्हणालो. (मी आधी हो म्हणतो आणि मग काय विचारलं होतं ते विचारतो. माझं लग्नसुद्धा असंच जमलं.)

ह्या 'सगळं'मध्ये तांदळाचं ताटही येतं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. लग्न लागलं की नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. माहेरचं पुसलं, सासरचं सुरू. माझी बायको माहेरची केसर. आता मी हिरामण आणि ही केसर म्हणजे बैलजोडीच की हो! माझं बदलता येईना, म्हणून मी तिचं बदललं आणि ऐटीत 'प्राप्ती' लिहिलं. तेव्हा अख्ख्या चौलमध्ये दुसरी प्राप्ती नव्हती. (हाक मात्र पंचवीस वर्षं 'अगं ए' अशीच मारली. चांगलं नाव रोज वापरून झिजवायचं कशाला?)

तर ताटाचा विषय निघाल्यावर मी म्हटलं, ह्या वेळी 'मृणाली' ठेवू. बायको वाल सोलत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "ह्या वेळी मी लिहिणार."

दिशाने टाळ्या वाजवल्या. मी पुन्हा हो म्हणालो.

बायको लिहिणार म्हणजे ह्या वेळी नाव माझं बदलणार, आणि खरं सांगायचं तर मला आतून गुदगुल्या होत होत्या. मी अलिबागला कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क. प्रवेशाच्या यादीत सगळे मितेश, पियूष आणि ऋत्विक. फोनवर मी 'हिरामण बोलतोय' म्हटलं की समोरचा आवाज चढवतो. परवा एका कुरियरवाल्याने तर, आजोबा, घरात दुसरं कोणी आहे का, असं विचारलं. मी बावन्न वर्षांचा आहे हो! बदलायचंच आहे तर चांगलं बदलू दे, म्हणून मी मनातल्या मनात 'ऋत्विक' पक्कं करून टाकलं.

आता ते बायकोच्या मनात उतरवायचं होतं. चहा पिता पिता सहज विचारलं, ऋत्विक नाव कसं वाटतं. तिने विचारलं, कोणाच्या बाळाचं. मग मी रेवदंड्याहून चांगला मोठा जिताडा मासा आणला. तिने कालवण केलं, डोकं मला वाढलं, पण ताटात काय लिहिणार ते काही सांगितलं नाही. मेहुणी राही कानाशी येऊन म्हणाली, "भाओजी, पंचवीस वर्षांचा राग हाय तो. काय लिहील सांगता येत न्हाय." झालं, माझी भूकच मेली.

तरी मी रद्द झालेल्या फॉर्मांच्या पाठीवर 'ऋत्विक' अशी सही घोटली. आमच्या सदा शिपायाला बजावून ठेवलं, की सोमवारपासून ऋत्विक सर म्हणायचं. संध्याकाळपर्यंत ऑफिसभर झालं. प्राचार्यांनी नातू झाल्याबद्दल माझं अभिनंदन केलं.

समाजाचा हॉल भरला. हार झाले, मंगलाष्टकं झाली, ताट आलं. बायकोने पदर सावरला, अंगठी घेतली आणि सावकाश लिहायला लागली. मी मान लांब करून वाचलं. ताटात होतं 'केसर'.

भटजी म्हणाले, वहिनी, ह्यांचं नाव लिहायचंय.

"मी माझं लिहिलंय," ती म्हणाली. "पंचवीस वर्षांपूर्वी ह्यांनी पुसलं, तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. माझ्या बापाने हौसेने ठेवलेलं नाव हाय ते. मला ते परत पाहिजे."

तिने अंगठी परत बोटात घातली. खरंच, मी कधी विचारलंच नव्हतं. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठलो, माइक घेतला आणि जाहीर केलं, की आजपासून हिचं नाव केसर. इतक्या वर्षांची सवय आहे, तेव्हा सर्वांना थोडं जड जाईल, पण कृपया कोणीही हिला प्राप्ती म्हणू नये.

टाळी एकही पडली नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. पहिल्या रांगेत आमच्या दारावर मासळी विकणारी मनुबाई बसली होती. तिने शेजारणीला विचारलं, "परापती कोन?"

शेजारणीलाही ठाऊक नव्हतं. चौकशीअंती असं निघालं, की लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून गावात तिला सगळे केसरच म्हणतात. मी सकाळी आठच्या एसटीने जाणार, सातला परत येणार, मला कोण सांगतंय? प्राप्तीला ओळखणारे जगात दोघेच होते, एक मी आणि दुसरी गॅस एजन्सी.

तरी माझी आशा चिवट. मी हळूच बायकोला म्हटलं, मग माझ्या नावाचं काय?

"तुमचं हाय तेच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "नाव बदलून सवयी बदलल्या असत्या, तर मी पहिल्याच वर्षी बदललं असतं."

मनुबाई मात्र चकित झाली होती. "ह्याला नाव पन हाय?" तिने विचारलं. "आमी तं केसरचा नवराच म्हनताव."

हॉल हसला. मीही हसलो. (दुसरं काय करणार?) म्हटलं, जाऊ दे, गावातल्या बायका आहेत, त्यांना काय माहीत. ऑफिसात तरी तीस वर्षं आपलं नाव आहे. तेवढ्यात ऑफिसचा स्टाफ भेट घेऊन स्टेजवर आला. बायको दर उन्हाळ्यात त्यांना फोनवर विचारून मसाला पाठवते, म्हणून सगळे झाडून आले होते. भेट म्हणजे भिंतीवर लावायचं मोठं घड्याळ होतं आणि त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'केसरताई आणि त्यांचे मिस्टर यांना सप्रेम भेट.'

खाली देणाऱ्या अकरा जणांची नावं होती, अगदी वडिलांच्या नावासकट.